पाळणाघरातलं सातवं डोकं

तीर्थस्वरूप जाऊबाईंना धाकटीचा वाकून नमस्कार. (खरोखरच वाकले होते, पलंगाखालचे ठोकळे काढायला.) तुमचे गुडघे, भावजींचा खोकला, सगळं ताब्यात असेल अशी आशा. इकडे आम्ही सुखरूप आहोत, म्हणजे अजून कोणी खटला भरलेला नाही.

झालं असं, की पाळणाघरात वकीलबाईंच्या मुलाला कपाळावर टेंगूळ आलं. बाई चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर परवडलं असतं. शांतपणे म्हणाल्या, "उद्या मोठं काही झालं तर भरपाई कोण देणार? महिन्याभरात विमा काढा, नाहीतर मी याला दुसरीकडे ठेवते." त्या गेल्या की बाकीच्या आया मागोमाग जाणार, आणि आमचं घर या सहा पोरांवरच चालतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. तेव्हापासून मी विमे बघतेय. लग्नासाठी स्थळं बघताना एवढी दमले नव्हते. पहिली कंपनी पोर आपणहून पडलं तर पैसे देते, कोणी ढकललं तर नाही. (आमच्याकडे आपणहून कोणी पडत नाही.) दुसरीला ढकलणं चालतं, चावणं चालत नाही, आणि आमच्याकडे तर चावरा आहे. (हे नाव बाकीच्या पोरांनी ठेवलंय, अनुभवाने.) तिसरी चावऱ्यासकट सगळं धरते, फक्त सहाच्या वर डोकी नकोत. मी म्हटलं, देव पावला.

मग तिचा एजंट घर बघायला आला, तोही नेमका दुपारी. पोरं सतरंजीवर ओळीने झोपलेली. त्याने चवड्यांवर चालत मोजली आणि लिहिलं, सात. ओळीच्या टोकाला, बदकांची चादर पांघरून, मामंजी होते. चावरा त्यांचं बोट धरल्याशिवाय झोपत नाही, म्हणून तेही रोज आडवे होतात. मी म्हटलं, अहो, हे माझे सासरे. तो म्हणाला, "दुपारी झोपवता, उठल्यावर दूध देता. मग तुमच्या देखरेखीखालीच आले ना?" बरं, मदतनीस लिहा म्हटलं, तर मदतनिसाला मूल उचलता आलं पाहिजे. एवढ्यात मामंजी जागे झाले, त्यांना तो अपमान वाटला, त्यांनी सगळ्यात गुटगुटीत पोर उचलायला घेतलं, आणि शेवटी मी आणि एजंटाने मिळून मामंजींनाच उचललं. गुरुवारी तो पुन्हा मोजायला येणार आहे. सात भरले तर विमा नाही.

असो. मी फार थकलेय, पण तुम्हाला त्रास द्यायला हे पत्र नाही. सहज लिहिलं.

तुमची,
बसल्या जागी पेंगणारी धाकटी

ता. क. मामंजींना महिनाभर तुमच्याकडे ठेवून घ्याल का? मी काही बोलले नाही हो. एजंटाचं ऐकून त्यांनी स्वतःच बॅग भरली. म्हणाले, "मी थोरल्याकडे जातो, पोरं राहू देत." बॅगेत दोन सदरे आणि बदकांची चादर. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

ता. क. २ वरचं रद्द. चावरा सकाळपासून त्या बॅगेवर बसलाय आणि उठवायला जाईल त्याला चावतोय. मामंजी कुठेही जाणार नाहीत. तुम्हीच गुरुवारी दुपारी या, त्यांना खुर्चीत बसवा आणि गप्पा मारून जागं ठेवा. खुर्चीत जागा बसलेला माणूस घरचा मोठा म्हणून धरतात, मी एजंटाला विचारून घेतलंय.

ता. क. ३ मात्र येताना जेवून येऊ नका. जेवल्यावर तुमचा लगेच डोळा लागतो, आणि तो आठ मोजेल.