तारा, मी हैद्राबाद पाहिलं

मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शके १८५९

प्रिय तारा,

अक्षर माझंच आहे, घाबरू नकोस. दाराला कडी लाव, घरात कोणी असेल तर माडीवर जा आणि मंग सावकाश वाच. पाकिटावरचा पत्ता मी इथल्या बाईंकडून उर्दूत लिहून घेतला, म्हणजे टपालात कोणी माझं वळण ओळखायला नको. कुठून लिहून राह्यले ते मागाहून सांगते. आधी मला हैद्राबाद सांगू दे. ते सांगावं असं माझ्याजवळ दुसरं कोणी न्हाई.

लग्न होऊन भोकरदनला गेले ती सोळा वर्षं तिथंच होते. फार झालं तर चतुर्थीला राजूरचा गणपती आणि वर्षाआड जालन्याला तुझं घर. ह्यांचा स्वभाव तुला ठाऊक आहे. दिवसभर तहसिलात उर्दू कागद लिहायचे आणि घरी येऊन चार शब्द बोलायचे. भांडण कधी नव्हतं, कौतुकही नव्हतं. दसरा झाला आणि एका सकाळी मी चूल पेटवत होते, तर मागं उभं राहून म्हणाले, "आठ दिवसांची रजा मिळाली आहे. चल, तुला हैद्राबाद दाखवून आणतो." मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. आळीतल्या बायका येऊन येऊन बघून गेल्या. आमच्या पुष्पाला तिच्या आत्याजवळ ठेवलं. ठरलेल्या लग्नाच्या बांगड्या तिथल्याच आण म्हणून ती गाडीमागं पार वेशीपर्यंत आली. जालन्याला स्टेशनावर जाताना तुझ्या दारावरून गेल्तो आम्ही. तुझं धुणं वाळत होतं. मी उतरायला निघाले तर हे म्हणाले, "गाडी चुकेल. येताना भेटू."

काचीगुड्याला उतरलो आणि गौळीगुड्यात एका धर्मशाळेत राहिलो. ह्यांनी दोन खोल्या घेतल्या. एवढ्या गर्दीत दोन खोल्या कशाला म्हटलं, तर म्हणाले, सामानाला. जवळच सुलतान बाजार. तारा, तिथं आपली भाषा कानावर पडते. कापडाच्या दुकानात दोन बायका एका खणावरून मराठीत वाद घालत होत्या, मी उगीच त्यांच्या शेजारी उभी राहिले. पलीकडं एका देशस्थांची खाणावळ होती. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, वर तीळ लावलेला ठेचा. ह्यांना ताट वाढलं, मला पत्रावळ. वाढपी म्हणाला, "साहेबांनीच सांगितलंय." मला वाटलं, ह्यांना माझं सोवळं सांभाळायचं आहे. मनातून बरंच वाटलं मला, खोटं कशाला सांगू.

चारमिनार बघायला टांग्यातून गेलो. लांबून तो केवढासा दिसतो आणि खाली उभं राहिलं की मान दुखते. वरच्या सज्जापर्यंत आम्ही चढलो. गोल जिना, अंधारा. मी दमले की हे दोन पायऱ्या वर थांबायचे, हात मात्र पुढं करायचे न्हाईत. वरून सगळं शहर दिसलं. पांढरे घुमट, खालच्या चौकात अत्तरवाले, फुलवाले आणि चार दिशांना चार रस्ते. त्यातला एक लाड बाजाराकडं जातो. तिथं नुसत्या बांगड्या, दुकानामागून दुकान, लाखेच्या, काचेच्या, खड्यांच्या. एका म्हाताऱ्या मनिहारणीनं माझा हात धरून बांगडी चढवली. चढवताना ती फुटली आणि काच अंगठ्याच्या मुळाशी घुसली. रक्त आलं. तिनंच घाबरून हात सोडला, मी मात्र हसत होते, कारण मला काहीच दुखलं नव्हतं. तिनं माझ्या तळहाताकडं पाहिलं, मंग ह्यांच्याकडं पाहिलं. दुसऱ्या बांगडीला तिनं हात घातला न्हाई. पुष्पाच्या मापाच्या तेवढ्या कागदात बांधून दिल्या आणि म्हणाली, "बीबी, आराम करो."

एक सांगायचं मागं राहिलं. पहिल्याच दिवशी हे मला एका डॉक्टरकडं घेऊन गेल्ते. माझ्या पाठीवर आणि कोपरावर फिकट चट्टे आले होते, ते तू गेल्या संक्रांतीला पाहिलेस. तू म्हणालीस, उन्हाचे असतील. डॉक्टरांनी माझे डोळे बांधले आणि पिसानं, मंग टाचणीनं चट्ट्यांना शिवून पाहिलं. कुठं शिवतोय ते सांगा म्हणाले. मी सांगायची वाट बघत बसले. बराच वेळ झाला तर डॉक्टर म्हणाले, "झालं बाई." नंतर दोघं इंग्रजीत बोलले. ते मला कळत न्हाई. बाहेर आल्यावर ह्यांनी टोपी काढून घाम पुसला आणि म्हणाले, "चल, तुला काय काय बघायचंय ते सांग."

मंग त्यांनी मला इतकं दाखवलं की सोळा वर्षांचं बोलणं त्या दिवसांत झालं. मोजमजाही मार्केटात दगडी कमानींखाली सीताफळांच्या राशी. माझ्यासाठी त्यांनी स्वतः दाबून दाबून निवडली. बागेआममध्ये पिंजऱ्यातला सिंह पाहिला, तो म्हातारा होता आणि आमच्याकडं पाठ करून निजला होता. इराण्याच्या हॉटेलात बायका बसत न्हाईत म्हणून हे टांग्यापाशी चहा घेऊन आले. घट्ट, वर साय. मी पिऊन कप परत दिला तर त्यांनी तो हॉटेलात दिला न्हाई. कप त्यांनी विकतच घेतला होता. वळणावर जाऊन नाल्यात टाकला. मी बघितलं हे त्यांना कळलं. तेव्हा मला समजलं. आपल्या माहेरच्या गावाच्या वेशीबाहेर, नदीच्या अंगाला, फडक्यांत हात गुंडाळलेली सगुणाबाई झोपडीत राहायची. आपण तिला लांबून भाकरी ठेवायचो. मला एकदम तिचा आवाज आठवला. चेहरा आठवेना, कारण आपण कधी नीट पाहिलाच न्हाई.

संध्याकाळी हुसेनसागराच्या बंधाऱ्यावर बसलो. वारा होता, पाणी थेट आभाळापर्यंत. हे हातभर अंतर ठेवून बसले आणि पहिल्यांदा माझं नाव घेऊन म्हणाले, "द्वारका, महारोग आहे." मी म्हटलं, "कळलंय मला." ते रडतील असं मला वाटलं न्हाई, पण रडले. म्हणाले, मला भोकरदनलाच शंका आली होती. औषध आहे, पण वर्षानुवर्षं घ्यावं लागतं आणि त्यासाठी एका ठिकाणी राहावं लागतं. त्या ठिकाणाचं नाव त्यांनी सांगितलं. मी पुष्पाचं लग्न विचारलं. मंग आमचं बोलणं झालं, बराच वेळ, आणि मी जन्मात पहिल्यांदा त्यांच्याशी सल्लामसलत केली. त्यापुढं दोन दिवस आम्ही परत हिंडलो. गोवळकोंडा पाहिला. खाली दरवाजात टाळी वाजवली की पार वर ऐकू येते. ते वर जाऊन उभे राहिले आणि मी खालून टाळी वाजवली. "आली," म्हणून ते वरून ओरडले. इतका उंच आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसले. निजामाबादच्या अलीकडं एका लहानशा स्टेशनावर दुपारी उतरलो. बैलगाडी आली होती. इथल्या फाटकापर्यंत आले ते. माझं बोचकं खाली ठेवलं, त्यावर सीताफळांची टोपली ठेवली आणि म्हणाले, "पिकली की लगेच खा." एवढंच. गाडीची वेळ झाली होती.

तर मी इथं आहे. चुन्यानं रंगवलेल्या खोल्यांच्या रांगा, मधे विहीर, चिंचेची झाडं. मिशनच्या बाई आठवड्याला औषधी तेलाची सुई देतात, ती फार दुखते, आणि दुखतं याचाच मला आनंद होतो. माणसं वाईट न्हाईत. माझ्या खोलीतली बाई माझे केस विंचरते. पण ती तेलंगी बोलते, सगळ्याच तेलंगी बोलतात. मी बोटानं दाखवून मीठ मागते, पाणी मागते. महिना झाला, मी तोंडानं मराठी बोलले न्हाई. कधी विहिरीवर कोणी नसलं की आपल्या आळीतल्या घरांची नावं ओळीनं म्हणते, एवढंच.

आता ते सांगते, ज्यासाठी कागद मागून घेतला. बंधाऱ्यावर हे म्हणाले होते, लोकांना सांगू, तू दूरच्या नातेवाइकांकडं राहिलीस. मी म्हटलं, असं नातं मला न्हाई हे गावाला बराबर ठाऊक आहे. आजारी म्हणालात तर कोणता आजार ते विचारतील आणि मंग पुष्पाला कोण घेईल? मेली म्हणा. मेलेल्या बाईबद्दल कोणी काही विचारत न्हाई. ते पाण्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, "तापानं म्हणू?" मी म्हटलं, "हो, तापानं." तेव्हा ताराबाई, माझं मरण मीच ठरवलंय, त्यांना बोल लावू नकोस. हैद्राबादेतच, मुशी नदीच्या काठी माझं सगळं झालं असं त्यांनी सांगितलं असेल. दहावं झालं असेल, तेरावं जेवले असतील, तूही रडली असशील. तू रडलीस याचं मला फार वाईट वाटून राह्यलं. वर्षाच्या आत लग्न उरकायचं म्हणून माघातला मुहूर्त धरला असेल आणि पुष्पा तुझ्याच जालन्यात नांदायला येईल. तिला यातलं बिलकुल कळू देऊ नकोस. फक्त ती दिसली की मला लिही, मिशनच्या बाईंच्या नावानं; त्यांचा पत्ता आत वेगळ्या चिठ्ठीवर आहे. गौरीहराजवळ तिच्या शेजारी कोण बसलं, सासू तिला कोणत्या नावानं हाक मारते, ती जेवते का. पत्र आलं न्हाई तरी मी समजेन. पण साऱ्या मुलखात मला मेलेली मानतात, आणि मी रोज सकाळी उठते, वेणी घालते. हे एका तरी माणसाला माहीत असावं असं वाटलं, आणि तुझ्याशिवाय कोणी सुचलं न्हाई.

तुझीच, अजून असलेली,
द्वारका