शेंदऱ्यांची शेवटची जोडी

४ मार्च

ती. आत्यास,
ठकीचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा अजून रुसलेलाच आहे, पण तोंड खणखणीत चालतंय, तेव्हा काळजी नसावी. तू मात्र बाबा गेल्यापासून पत्र टाकायचंच सोडलंस.

बातमी अशी, की आमचे साहेब संग्रहालयातल्या पक्षी-दालनाला बाबांचं नाव देणार आहेत. एप्रिलात कार्यक्रम. भाषण माझ्या गळ्यात पडलंय. बावीस वर्षं त्याच दालनातले कप्पे सांभाळतेय, पण चार माणसांपुढे उभं राहायचं म्हटलं की बोबडी वळते. म्हणून टिपणं शोधायला बाबांच्या खोलीत बसले.

शेंदऱ्या पोपटाबद्दल लोकांना जे ठाऊक आहे ते सगळं बाबांच्या पुस्तकातून. खांद्यावर शेंदरी ठिपका, वाळक्या झाडाच्या ढोलीत घर, वर्षाला दोनच अंडी, मादी अंड्यांवर बसली की नर तिला आपल्या पोटातला दाणा काढून भरवणार. शेवटचं वाक्य तर तुला पाठ असेल: नऊ जूनला नदीकाठी शेवटची जोडी पश्चिमेकडे उडताना दिसली. त्यानंतर चाळीस उन्हाळे बाबा त्या खोऱ्यात शेंदरे शोधत फिरले.

आत्या, कपाटामागे पत्र्याचा डबा सापडला. आत कापूस भरलेले दोन शेंदरे, पायांना चिठ्ठ्या. अक्षर बाबांचं. एकीवर: मादी, ९ जूनला पंख जायबंदी, ११ जूनला मृत, पोटात काटेफळाचं बी भरपूर. दुसरीवर: नर, ११ जून, पोट रिकामं.

पंख मोडलेली मादी पोटभर जेवलेली आणि धडधाकट नर उपाशी, हे काही माझ्या डोक्यात शिरत नाही. तू तेव्हा बाबांसोबत खोऱ्यात होतीस ना? आईला अजून बोलले नाही.

आहे ती माया राहू दे.
तुझी ठकी

११ मार्च

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

वहिनीला म्हणावं, जिने कमी चढ. आणि भाषणाची एवढी धास्ती कशाला? लहानपणी तर पाहुणे उठून जाईस्तोवर बडबडायचीस.

डब्याचं म्हणशील, तर पन्नास वर्षांपूर्वीचं मला काय आठवणार? मी बारा वर्षांची पोर. दादाने तारखांचा घोळ घातला असेल. डबा होता तिथे ठेव. त्याच्या पायपिटीबद्दल बोल, लोकांना तेच आवडेल.

पत्र टाकत जा, मन लागून राहतं.
तुझी आत्या

१८ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

बाबांनी तारखेचा घोळ घातला म्हणतेस? किराणाची यादीसुद्धा तारीख-वेळ घालून लिहिणारा माणूस तो.

आणखी एक विचारते. आजारपणात बाबा खिडकी उघडी ठेवायला सांगायचे, शेंदऱ्याची शीळ घालायचे आणि कान देऊन पडून राहायचे. खोऱ्यातही म्हणे रोज सकाळी तीच शीळ. मी ती टेप करून ठेवलीय, साहेबांना ती दालनात वाजवायची आहे. तू भेटायला आलीस त्या दिवशी बाबांनी शीळ घातली आणि तू अनवाणीच जिना उतरलीस. मी चपला घेऊन मागे धावले, तर म्हणालीस, खोलीत कोंदट होतं. खिडकी उघडी होती, आत्या.

रागावू नकोस, पण उत्तर दे.
ठकी

२७ मार्च

चि. ठकीस,
आशीर्वाद.

टेप वाजवू नका. आधी तेवढं कर.

ती थव्याची शीळ नव्हे. टोपलीतल्या मादीची हाक आहे.

शेंदरे संपत आले हे दादाला कळलं होतं. म्हणाला, यांना ससाणा तरी खाईल, नाहीतर थंडी तरी मारेल. संग्रहालयात एक जोडी तरी राहू दे. नऊ तारखेला त्याने मादीवर छरे झाडले. तिचा पंख मोडला. शेंदऱ्यांची खोडच अशी की जोडीदार पडला तर पळत नाहीत, त्याच्यावर घिरट्या घालत राहतात. नर अगदी टप्प्यात आला आणि दादाच्या बंदुकीचा घोडा अडकला. ती दुरुस्त करायला तो शहराकडे गेला. मला वनरक्षकाच्या बायकोजवळ ठेवलं. मादीला टोपलीत घालून सांगितलं, ही हाक मारतेय तोवर नर जायचा नाही, तू फक्त राखण कर.

दोन दिवस मी नदीकाठी बसले. नर जायचा, बी पोटात भरून यायचा आणि टोपलीच्या फटीतून सगळं तिला भरवायचा. स्वतःला दाणाही ठेवत नसावा, दुसऱ्या दिवशी उडताना हेलपाटत होता. एकदा माझ्या गुडघ्यावर बसला. झाकणाची गाठ मीच मारलेली, सोडता आली असती. निदान त्याला हुसकावता आलं असतं. मी हललेसुद्धा नाही. दादा शाबासकी देईल असं वाटत होतं. आणि दिली त्याने.

अकराला त्याने हातभर अंतरावरून नर पाडला. मादीला कोणी हात लावला नाही. ती तासाभराने आपोआप गेली.

पुढच्या उन्हाळ्यात तो ती हाक शिकून खोऱ्यात गेला. त्याचं शोधणं खोटं नव्हतं, ठकी. एखादा तरी उरला असेल असं त्याला खरंच वाटायचं. मला कधी वाटलं नाही. ती दोन दिवस हाक मारत होती आणि दुसरं कुणीही आलं नाही.

भाषणाचं तू ठरव.
आत्या

१९ एप्रिल

ती. आत्यास,
नमस्कार.

आईला आधी सांगितलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणाली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, चाळीस उन्हाळे मला एकटीला टाकून हा तिकडे कुणाची माफी मागत होता? मग मला म्हणाली, सांग जा.

कार्यक्रमात मी दोन्ही चिठ्ठ्या वाचल्या आणि तू लिहिलंस ते सांगितलं. तुझा उल्लेख टाळला, राखणीला एक मुलगी होती एवढंच म्हटलं. नावाच्या पाटीवरचं कापड साहेबांनी काढलंच नाही. मागच्या रांगेतून बाबांचा एक जुना विद्यार्थी उठला. बारा उन्हाळे तो त्यांच्यासोबत गेला होता. त्याने विचारलं, शेंदरे संपत आलेत हे बंदूक झाडताना सरांना माहीत होतं? मी हो म्हटलं. तो रांगेतून पुढे आला. मग म्हणाला, मला पक्षी बघायचेत, मी शेंदऱ्या कधी पाहिलेलाच नाही. मी नर त्याच्या हातात दिला. पंचावन्न वर्षांचा माणूस, खांद्यावरचा शेंदरी ठिपका बोटाने चाचपत राहिला.

जोडी आता काचेच्या पेटीत आहे, चिठ्ठ्यांसकट. टेप कुलपात ठेवलीय.

रुसली नसलीस तर ये.
ठकी

८ मे

चि. ठकीस,
उदंड आशीर्वाद.

मंगळवारी येऊन गेले. तुला कळवलं नाही, रांगेत उभी राहून तिकीट काढलं. पेटीपाशी इतका वेळ थांबले की रखवालदाराने खुर्ची आणून दिली.

चिठ्ठ्या खऱ्या आहेत, पण पुऱ्या नाहीत. नर कधी मेला ते लिहिलंय, बंदुकीच्या टप्प्यात कसा राहिला ते नाही. सोबत एक चिठ्ठी पाठवतेय, दोरा ओवून. मजकूर एवढाच: टोपलीची राखण, बहीण, वय बारा. ती नराच्या पायाला बांध. साहेब नको म्हणाले तर मला कळव, मी स्वतः येऊन त्यांच्याशी बोलेन.

वहिनीला नमस्कार. तिला म्हणावं, रविवारी येते, मला घरात घेशील का ते सांग.

तुझी आत्या