बकरीची जागा

बाबा, परवा धाकट्याच्या निवृत्तीचा कार्यक्रम झाला. भिलाईच्या सेक्टरमधल्या हॉलमध्ये पुष्कळ माणसं होती, हार होते, शाल-श्रीफळ होतं. माइक हातात घेऊन तो म्हणाला, ‘वडिलांनी जिवापाड जपलेला घोडा विकला, पण आम्हा भावंडांना शिकवलं.’ टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, कारण मी पहिल्याच रांगेत होते आणि हात मांडीवर ठेवून बसणं बरं दिसलं नसतं. पण घरी आल्यापासून ते ‘आम्हा भावंडांना’ घशात अडकून बसलं आहे. भावंडं आम्ही दोनच. त्यातला शिकला एक. दुसरीचं नाव शाळेच्या हजेरीत अकरा दिवस होतं. म्हणून नातीची अर्धी कोरी वही घेतली आणि बसले लिहायला. अक्षर वाकडं आहे, त्याला तुम्ही नावं ठेवू नका. गावच्या तिसरीनंतरचं सगळं मी लग्न झाल्यावर मुलांच्या पुस्तकांवरून शिकले आहे.

गोंदियाकडून आपण भिलाईला आलो तेव्हा पोलादाचा कारखाना म्हणजे नुसते खोल खड्डे, मुरुमाचे ढीग आणि दिवसभर उडणारी धूळ. आपल्याकडचे सगळे फावडं-टोपली घेऊन आले, तुम्ही घोडा आणि टांगा घेऊन आलात. दुर्ग स्टेशनवरून साहेब लोकांना कॅम्पात, म्हणजे कारखान्याच्या वस्तीत आणायचं आणि परत पोचवायचं, हे तुमचं काम. एका रशियन साहेबाने घोड्याच्या मानेवर थाप मारली तर ते तुम्ही महिनाभर सगळ्यांना सांगत होता. घोडा आधी जेवायचा, मग आपण. त्याला सकाळ-दुपार भिजवलेल्या हरभऱ्यांचा तोबरा, वर हिरवं गवत, दर महिन्याला नवे नाल. माय म्हणायची, ‘तो हरभरे खाते अन् आमी वास घेतो.’ तुम्ही हसायचात. घोड्याशेजारी खुंटीला एक पांढरी बकरी बांधलेली असायची. आजोबांपासूनची रीत होती ती, घोडा ठेवला की जवळ बकरी ठेवायची, घोड्यावर येणारी पीडा बकरीवर जाते. पीडेचं मला माहीत नाही. पण बकरी जवळ नसली की तो घोडा तोबऱ्याला तोंड लावत नसे, हे मला माहीत होतं. गवत मीच आणायची, दोघांचं करणारी मीच होते.

त्याच वर्षी कॅम्पात हिंदी शाळा निघाली. गुरुजींनी मला एक पान वाचायला दिलं. मी अडखळत वाचलं आणि त्यांनी चौथीत नाव लिहून घेतलं. मायने हरभऱ्याच्या पोत्याची पिशवी शिवली. तिला घोड्याच्या चंदीचा वास यायचा आणि शेजारच्या पोरी नाक धरायच्या, तरी मी ती पिशवी छातीशी धरून चालायची. अकरा दिवस चालले. त्यातल्या सातव्या दिवशी गिट्टीच्या रस्त्यावर घोड्याचा पुढचा खूर फाटला आणि टांगा उभा राहिला.

तो दिवस मला अजून दिसतो. माय चुलीपाशी भाकरी थापते आहे, तुम्ही उंबऱ्यावर बसला आहात. माय म्हणते, ‘घोडा विकून टाका. कारखान्यात भरती चालू हाये. आपल्या गावचे तिघं ओझी उचलाले खलाशी लागले. तुमी कावून नाही जात?’ तुम्ही म्हणता, ‘घोडेवाला माणूस मी. दुसऱ्याच्या हाताखाली टोपली उचलू काय?’ माय तव्यावरची भाकरी उलटते. शेवटी तुम्हीच म्हणता, ‘बकरी देऊन टाकतो. तिनं दूध तोडलं हाये, उभ्या उभ्या खाऊन रायली.’ मी धावत येते. ‘बाबा, तिले नोका देऊ. तिच्याबिना घोडा राहत नाही.’ आणि तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणता, ‘पीडा तिच्यावरच जाते ना? मंग जाऊ दे. त्याच्यासाठीच त ठेवली होती.’ सुपेल्याच्या बाजारात खाटकाला बकरी गेली आणि नालबंदाचं औषध आलं. खूर भरायला लागला. पण घोड्याने दाणापाणी सोडलं.

दोन दिवस तो दाराकडे तोंड करून उभा होता. तिसऱ्या दिवशी, म्हणजे माझ्या शाळेच्या बाराव्या दिवशी, सकाळी शाळेची पिशवी खांद्याला अडकवून मी निघाले होते, पण पाय तबेल्याकडे वळले. बकरीच्या खुंटीपाशी बसले आणि मन मोकळं होईपर्यंत रडले. रडता रडता हरभरे फुटल्याचा आवाज ऐकू आला. घोडा खात होता. मी डोळे पुसून उठायला लागले तर दारात तुम्ही. ‘बस. उठू नोको. तू बसली त खाऊन रायला तो.’ तुमच्या तोंडावर इतका आनंद होता बाबा, की मला वाटलं, मी काहीतरी मोठं काम केलं आहे. मी बसले. दुपारी बसले. दुसऱ्या दिवशी बसले. सकाळच्या तोबऱ्याची वेळ आणि शाळेच्या घंटेची वेळ एकच होती, हे तुम्हाला कोणी सांगायला हवं होतं का? घंटा तबेल्यात ऐकू यायची. बकरीचं दावं तिथंच पडलेलं असायचं, मी ते बोटांना गुंडाळत बसायची.

गुरुजी एकदा विचारायला आले होते. तुम्ही त्यांना खाट टाकून दिली, चहा दिला आणि म्हणालात, ‘घोडा बरा झाला का येते पोरगी.’ खूर महिन्याभरात बरा झाला. टांगा पुन्हा दुर्गच्या रस्त्याला लागला. पण घोड्याला माझी सवय लागली होती आणि तुम्हाला घोड्याची. दुसरी बकरी आणा म्हणून मायने किती वेळा म्हटलं. बकरी आणली असती तर तिला चारा लागला असता. मी तर घरचीच होते. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड, तशी गत. एखाद्या दिवशी घोड्याने अर्धा तोबरा ठेवला की तुम्ही माझ्यावरच डाफरायचात, ‘लक्ष कुठं रायते तुह्यं?’ पुढच्या वर्षी धाकट्याला त्याच शाळेत घातलंत. माझी पिशवी त्याला दिलीत. त्याने नाक धरलं म्हणून त्याला नवी आणलीत.

मग स्टेशनवरून बस सुरू झाली. साहेबांना जीपगाड्या मिळाल्या. तुम्ही दिवसभर स्टेशनबाहेर उभे राहायचात आणि रिकामे परत यायचात. जे माय तीन वर्षांपूर्वी सांगत होती तेच शेवटी केलंत. घोडा कुम्हारीच्या एका वीटभट्टीवाल्याला दिलात आणि कारखान्यात हेल्पर लागलात, तेव्हा आपल्या गावचे ते तिघं तुमच्या वरच्या जागेवर पोचले होते. म्हणजे घोडा तुम्ही विकलात हे खरं आहे. पण धाकट्याला शिकवायला नाही विकलात. घोडा आपल्याला पोसेनासा झाला म्हणून विकलात. आणि तीन वर्षं जो घोडा उभा राहिला तो माझ्या चौथीवर उभा राहिला. हे माइकवर कोण सांगणार?

इथपर्यंतची गोष्ट मी माझ्या पोरांना सांगितली आहे, सुनांना सांगितली आहे. तुमच्या फोटोला हार घालताना मनातल्या मनात तुम्हालाही सांगते. पुढचं कोणाला सांगितलेलं नाही.

घोडा जाऊन चौथा दिवस होता. तो कुम्हारीचा माणूस सायकलवर आला. घामाघूम झाला होता. मी आतल्या खोलीत होते, भिंतीआडून सगळं ऐकू येत होतं. ‘नोनी ल चार दिन बर भेज दे भइया, घोडा दाना नइ खावत हे.’ पोरीला चार दिवस पाठव, असं तो विनवत होता. घरी बायको आहे, तीन पोरी आहेत, काळजी करू नको म्हणाला. मी गोधडी ओढून आडवी झाले. तुम्ही आत आलात. मी म्हटलं, ‘मले ताप हाये.’ तुम्ही खाली बसलात आणि माझ्या कपाळावर हात ठेवलात. हाताला आता घोड्याचा नाही, मशीनच्या तेलाचा वास येत होता. माझं कपाळ माठासारखं थंड होतं. तो हात तुम्ही लगेच काढला नाहीत. मग उठून बाहेर गेलात आणि त्या माणसाला म्हणालात, ‘पोरीले ताप हाये. नाही येऊ शकत.’ त्याने पुन्हा हात जोडले. तुम्ही म्हणालात, ‘फार ताप हाये.’

आठवड्याने घोडा मेल्याचं सुपेल्याच्या बाजारात तुम्हाला कळलं. तुम्ही घरी येऊन मायला सांगितलंत, मला नाही. मला कधीच काही विचारलं नाहीत, आणि मीही तोंड उघडलं नाही. त्या हाताचं मी कोणाजवळ बोलत नाही, कारण ते सांगितलं की माझा राग अर्धा होतो, आणि तुमच्याकडून माझ्या वाट्याला हा रागच तेवढा आला आहे. धाकट्याला तुमची पुण्याई आली, फोटो आला, भाषण आलं. ही वही पेटीत तळाशी ठेवते, नातीला दुसरी घेऊन देईन. त्या दिवशी मला ताप नव्हता, बाबा, आणि ते तुम्हाला माहीत होतं.