जिथं आई, तिथं पेटी

४ मे १९८७

भिंतीपलीकडे कालपासून मांजरं भांडतायत असं मला वाटत होतं. सकाळी प्रेमिला, माझी धाकटी जाऊ, चहाला आली आणि म्हणाली, "मांजरं नव्हे ताई, कॉम्प्युटर!"

तिच्या भावाने, अनंतने, कुवेतहून आणलाय. बटणांची एक काळी पाटी. ती टीव्हीला जोडायची, टेपरेकॉर्डरला जोडायची आणि कॅसेट लावायची. कॅसेटमध्ये गाणं नाही – खेळ! टेप चारपाच मिनिटं किंचाळतो, खेळ पाटीत उतरतो आणि पडद्यावर एक माणूस खाणीत किल्ल्या शोधत उड्या मारू लागतो.

चाळिशी ओलांडलेल्या, कथा लिहिणाऱ्या बाईने असल्या गोष्टीत वेळ घालवू नये. घालवला. जेवायची वेळ होईपर्यंत.

१० मे

अनंतने दोन पाट्या आणल्या होत्या. दुसरी प्रवासातच मेली होती. लहानूने, म्हणजे माझ्या दिराने, ती जिवंत केली. सदर बाजारात टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं, हात चांगला. "वहिनी, हे तुमच्याकडं राहू द्या. आमाले दोन काय करायचे?"

देवराव माझा नवरा आहे. पन्नाशीला टेकलेला, टेलिफोन खात्यातला, शांत माणूस. पाटी हातात घेऊन तो जसा हसला, तसा आमच्या लग्नात हसला नव्हता.

आता प्लॉट एक, घरं दोन, मधे भिंत. कॉम्प्युटर दोन. पण खेळांच्या कॅसेटची पेटी एकच! लहानूने कॅसेटींच्या नकला करून पाहिल्या, पण नकलेतला खेळ अर्ध्यात येऊन मरतो.

१४ मे

पेटी कोणाकडे राहणार यावरून दोघे सख्खे भाऊ अंगणात भांडले. केस पिकलेले दोघे! शेवटी आई, म्हणजे माझ्या सासूबाई, मधे पडल्या.

आईंची एकेक महिन्याची बारी असते. एक महिना आमच्याकडे, एक लहानूकडे. आमच्या इंदोरा वस्तीत पुष्कळ घरी तशीच रीत आहे. एक तारखेला ज्याची बारी, त्याने जाऊन त्यांचा बिस्तरा गुंडाळायचा, ट्रंक उचलायची आणि त्यांना घेऊन यायचं. अंतर म्हणाल तर अंगणाएवढं. पण त्या आपण होऊन येत नाहीत. "मी काय मांजर हावो का, आपल्या पायानं घरोघरी हिंडाले? ज्याले पाहिजे त्यानं न्याले यावं."

तर निकाल असा – "पेटी माह्या ट्रंकेत राहीन. जेथी मी, तेथी पेटी. चला, व्हा चूप."

१ जून

देवराव आंघोळीच्याही आधी आईंना आणायला गेला! एरवी मी सकाळी आठवण करून द्यायची, तो "जातो ना, दिवस आहे अजून" म्हणायचा, आणि आई येईपर्यंत दिवे लागायचे. मीही कधी फार घाई केलेली नाही. एक दिवस उशिरा आल्या तर एक दिवस कमी, हा हिशेब दोन्ही घरांत कोणी बोलून दाखवत नाही.

आज मात्र गादी उन्हात घातली होती, उशीला नवा अभ्रा. आईंसाठी की पेटीसाठी? प्रश्न चांगला आहे. त्यावर विचार करायचं ठरवलं आणि खेळ लावला.

१७ जून

आई खेळतात!!

आधी नुसत्या पाहायच्या. पडद्यावरचा माणूस खड्ड्यात पडून मेला आणि पुन्हा उभा राहिला, तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला. "मेला ना थो?"

"मेला. पण त्याला पाच जन्म असतात, आई."

"काहून? छप्पन साली दीक्षाभूमीवर पुनर्जन्म सोडून आली मी. नवऱ्याले घेऊन गेली, पोरं घेऊन गेली. अन् हा डबा मले पाच-पाच जन्म देऊन राह्यला? वापस घे म्हना त्याले!"

मग बसल्या आणि पाचही वापरले.

त्या माणसाला त्यांनी नत्थू नाव ठेवलंय. नत्थू म्हणजे माझे सासरे, जाऊन बरीच वर्षं झाली. "असाच होता. समोर पाहूनच नाही चालला कवा." संसारभर ज्यांचं नाव तोंडातून काढलं नाही, त्यांना आता अख्खी गल्ली ऐकेल अशी हाक – "नत्थ्या, उडी मार ना! पड मंग, पड!"

मी स्वयंपाकघरात जाऊन हसले. मग थोडी रडलेही. मग बघायला परत आले.

१ जुलै

आमची चहाची गाळणी ओली व्हायच्या आत लहानू दारात. मागे प्रेमिला, तिच्या हातात आईंच्या चपला पुसून धरलेल्या! आई ट्रंकेवर हात ठेवून मला म्हणाल्या, "पाह्य वं सुभद्रे. तरुनपनी कोनं विचारलं नाही, आता सत्तरीत भाव आला."

वरात गेली. आमचा टीव्ही नुसता टीव्ही झाला.

१२ जुलै

देवराव सारखा आईंची तब्येत विचारायला भिंतीपलीकडे जातो. प्रेमिला म्हणते, "भाऊजी, आईंना काही झालेलं नाही. आमचा खेळ चालू आहे, बसा."

दिवाळी अंकासाठी कथा कबूल केलीय. संपादकांना कळवलं की बोटं दुखतात. खोटं नाही ते.

१४ जुलै

लहानूने भिंतीला भोक पाडलं. आरपार. त्यातून वायर. त्यांच्या टेपरेकॉर्डरमधून एक फाटा त्यांच्या पाटीला, एक आमच्या. आम्ही इकडे बटणं दाबून तयार व्हायचं आणि भोकाशी तोंड नेऊन ओरडायचं – "लाव वं प्रेमिला!" की तिने तिकडे कॅसेट सुरू करायची. मांजरं किंचाळतात आणि एकाच कॅसेटमधला खेळ एकाच वेळी दोन घरांत उतरतो! देवरावने भावाला मिठी मारली.

आई दारात उभ्या राहून सगळं पाहत होत्या. म्हणाल्या, "म्हंजे आता पेटी कोठीबी राह्यली तरी चालते?"

"कोठीबी, आई!" लहानू भोकातली माती फुंकत म्हणाला. "तुह्या ट्रंकेतच पायजे असं काही नाही आता."

"असं," आई म्हणाल्या आणि तांदूळ निवडायला गेल्या.

१ ऑगस्ट

खाणीचा शेवटचा मजला पार! मी! देवरावच्या आधी! दिवसभर खेळलो. दोन वेळा खिचडी केली. वायरीच्या भोकातून प्रेमिलाने शाबासकी दिली. इतका निर्मळ सुखाचा दिवस कित्येक वर्षांत आठवत नाही.

३ ऑगस्ट

एक तारीख!

कॅलेंडरवर अजून जुलैच होता. पान फाडायला हात वर केला आणि आई आठवल्या. तशीच धावले, देवराव मागून.

आई लहानूच्या ओसरीत ट्रंकेवर बसलेल्या. बिस्तरा बांधलेला. कपाळाला घाम, पदर नीट. प्रेमिला भिंतीकडे बघत म्हणाली, "परवापासून बांधूनच ठेवलाय, ताई. रात्री सोडतात, सकाळी पुन्हा बांधतात. मी सांगायला येत होते, तर 'सांगू नको' म्हणे. 'पाहू दे, कवा येते.'"

"आई, चला," मी म्हणाले.

"काहून?"

"एक तारीख झाली."

"माहीत हाये. थे परवाच झाली."

देवराव खाली बसला, त्यांच्या पायाशी. "इसरलो वं आई."

"इसरले नाही. तुमचं भागून राह्यलं."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. उठल्या आणि आमच्याबरोबर आल्या. ट्रंक हलकी लागली, पेटी तिकडेच होती ना.

८ ऑगस्ट

माझ्या कथांमध्ये म्हातारी माणसं फार असतात. वाचक लिहितात, 'तुम्हाला वृद्धांचं मन किती कळतं!' कळतं हो! कागदावरच्या वृद्धांना कोणी आणायला जावं लागत नाही.

देवरावने आज त्यांच्यासमोर पक्कड घेऊन वायर कापली. आईंनी जपमाळ ओढावी तशी शांतपणे शेंग सोलली आणि म्हणाल्या, "जोड थे. पोरखेळ नको करू."

जोडली. खेळावंसं मात्र कोणालाच वाटलं नाही. भोकाला तोंड लावून प्रेमिला विचारत होती, "आई बोलल्या का काही?" मी म्हटलं, "नाही." आई आतून ओरडल्या, "बोलली ना! भोक बुजवा म्हनलं, ढेकनं येतीन."

१९ ऑगस्ट

आई खोली पाहून आल्या! रिक्षाने, एकट्या! पाचपावलीला त्यांच्या मिलमधल्या जुन्या सोबतिणीचं, तुळसाबाईचं घर आहे, तिथली पुढची खोली रिकामी आहे. मिलची पेन्शन आहे, तेवढ्यात भागेल म्हणतात.

दोन्ही भाऊ एका सुरात – इतक्या दिवसांनी एका सुरात! – "आई, लोक काय म्हणतील?"

"म्हनतीन, म्हातारीले मोठी झकास खोली भेटली."

मी म्हटलं, "आई, बारी बंद करू. माझ्याकडेच राहा कायमच्या." मनापासून म्हटलं.  त्यांच्या आवाजात गोडवा होता, म्हणून जास्त लागलं.

"राह्यली असती वं. तू एक तारखेच्या आधी म्हनाले पायजे होतं."

१ सप्टेंबर

गेल्या. ट्रंक दोघांनी मिळून उचलली. पेटी मागेच ठेवली, "ती तुमची" म्हणाल्या. रिक्षात बसताना सांगितलं, "बारी चालूच हाये. फक्त आता तुमची. येक इतवार देवराव, येक इतवार लहानू. येताना हात हलवत नका येऊ. अन् आधी सांगून या, मी घरी राहीनच असं नाही."

६ सप्टेंबर

पहिला रविवार आमचा. संत्र्याची बर्फी घेऊन गेलो. सांगायचं राहिलं होतं.

खोलीला कुलूप. आई कुठे म्हणून विचारलं तर तुळसाबाई म्हणाल्या, "अंजना? थे त सिनेमाले गेली. बसा ना पायरीवर, येतेच आता."

पायरीवर जागा नव्हती. लहानू आणि प्रेमिला आधीच येऊन बसले होते.