चांदबोटीची लिंबं

मी ज्युलियाना, मयत अँब्रोजची बायको, राहणार कोपरी, जिल्हा ठाणे. डोकं ठिकाणावर आहे, कुणी हात धरून लिहवून घेत नाही. त्र्यंबक कारकुनानं पानभर गोड मजकूर आणलेला, तो परत दिला. एवढा वेळ नाही.

घर आणि भाताची खाचरं पुतण्या जेराल्डला. आळशी आहे, पण माझ्या दुखण्यात पाणी त्यानंच दिलं. इथं दुसरं उरलंय कोण?

लिंबाची झाडं मात्र त्याला नाहीत. म्हणतो, "काकू, चांदबोट आता येत नाय, तोडून टाकू झाडं." अरे, चंद्रावर जाणारी बोट बंद झाली म्हणून वरच्या माणसांची तोंडं बंद झाली काय? चंद्रावर हिरवं काही उगवत नाही. लिंबू नसलं की हिरड्या सडतात, मग दात, मग माणूस. माझा पोरगा गॅब्रिएल तिथं खाणीत आहे. वरून दिव्यानं निरोप यायचे. शेवटचा आला, "लिंबं संपली." नाताळापासून दिवाच दिसत नाही.

अँब्रोजचा कोयता जेराल्डला. तो झाडांना लावलास तर घरही गेलं समज.

झाडं मिठागरवाल्या ठमाबाईला. हो, तिलाच. मी तिच्याशी बोलत नाही हे गावाला ठाऊक आहे. चांदबोट सुटली त्या दिवशी वर चढवायच्या लिंबांच्या टोपल्या तिनं बोटीच्या चाकांखाली ओतल्या. नजर लागू नये म्हणून! तिचा काळुरामही त्याच बोटीत. "अगं ज्युलियाना, पोरं सुखरूप पोचूदे," म्हणत ओतत होती आणि गाव टाळ्या पिटत होतं. पोरं पोचली. लिंबं राहिली धक्क्यावर, चेचलेली.

शिव्या देऊन झाल्या. रोज वर बघणारी आता आम्ही दोघीच. ठमे, मीठ तुझं, लिंबं माझी. दर हंगामाला खारवायची आणि बरणी धक्क्यावरच्या कोठीत ठेवायची. बोट येणार नाही, हे मला कळतं. तरी ठेवायची.

आणि मी गेल्यावर माझी पेटी उचलताना कुणी लिंबू ओवाळून फेकायचं नाही. ठमे, तूसुद्धा नाही. ते बरणीत घाल.

वाचून बघितलं, माझंच आहे. सही करते.

ज्युलियाना
साक्षीदार: महिपत, मिठागराचा मुकादम, बर्नाडेट, शेजारीण
कोपरी, पावसाळ्याच्या तोंडी, सन १८८९