एका दिवसापुरतं घर सोडायचं म्हणे

आप्पा, मला राग आलाय. मालकावर जेवढा, तेवढाच तुमच्यावर. तुमी जाऊन लई वर्सं झाली म्हणून सोडंन असं समजू नका.

शहापुरात माझी भाड्याची खोली हाय. तुमचे जावई गेल्यापासनं मी एकटीच राहते, साड्यांना फॉल लावून देते. करार अकरा महिन्यांचा. तो सरला की मालक एक दिवस खोली रिकामी करून घेतो. भाडेकरू सलग ऱ्हायला तर घर त्याचंच हुतंय, असं कुणीतरी त्याच्या बापाच्या डोक्यात भरवून ठेवलंय. मग मी शिलाई मशीन, गॅस, देव, सगळं बोळात मांडायचं, त्यानं कुलूप घालून दाराचा फोटो काढायचा, आणि दिवस मावळताना मला परत आत घ्यायचं. पहिल्यांदा मला हसूच आलतं. बोळातच चहा ठेवला आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला म्हटलं, या की, आज आमचं घर लई मोट्टं हाय, भिंतीच न्हाईत. मालकालाबी कप दिला. बिचारा खाली मान घालून प्याला.

यंदा मात्र शेजारच्या आक्काच्या कानावर आलं की त्यानं खोली दुसऱ्याला ठरवलीया. एकदा मी बाहेर आले की कुलूप उघडायचंच न्हाय. आक्काची सून कोर्टात वकिली करते. ती म्हणाली, करार सरला म्हणून त्याला तुमाला काढता येत न्हाय, कोर्टाचा हुकूम लागतो. पाणी, लाईटबी तोडता येत न्हाय. पण तुमी आपल्या पायानं बाहेर गेलासा, तर तो म्हणणार, खुशीनं सोडलं. मग बसा भांडत.

आपल्या पायानं. ते ऐकलं आणि तुमी आठवलासा. गावातलं भाड्याचं घर, जमिनीत तुमचा हातमाग, विणताना पाय सोडायला खणलेला खड्डा. घरमालक दारात उभा राहून एवढंच म्हणतोय, घर पायजे. तुमी 'का' म्हणूनबी इचारत न्हाय. मागावरची अर्धी साडी कापून काढतासा, माग सोडवतासा, माती आणून खड्डा भरतासा, ठोकून बसवतासा, वर शेणानं सारवतासा. आई कोपऱ्यात रडतीया आणि तुमी सारवण सारखं झालंय का ते वाकून बघताय. मी म्हटलं, आप्पा, खड्डा तरी ऱ्हाऊ द्या, तो आपला हाय. तर माझ्यावरच गरजलासा, "गप गं. घर त्यांचं. आपली खूण मागं ऱ्हायली न्हाय पायजे." हाकलणाऱ्याला एवढी गुळगुळीत जमीन करून कोण देतं, आप्पा?

पंधरा दिवसांमागं मालक आला. "मावशी, चला, सामान काढूया." मी मशीनवरनं उठलेच न्हाय. म्हटलं, ये बाबा, बस, चहा घे. तो म्हणाला, दरवर्षीचंच हाय की, सांजच्याला परत आत. मी म्हटलं, मग किल्ली माझ्याकडं दे आणि दिवसभर तूच बोळात बस. दारात जमलेल्या बायका हसल्या, तसा तो चिडला. "करार सरलाय. कसला हक्क हाय तुमचा?"

"ते कोर्टाला इचार. कोर्टानं ऊठ म्हटलं तर उठीन. तू म्हटल्यावर न्हाय."

जाताना त्यानं नळ बंद केला. आक्काच्या सुनेनं फोनवर त्याला कायदा ऐकवला, तवा सांजच्याला पाणी आलं.

आता बोळातल्या बाया म्हणतात, जिंकलीस. मीबी दारात उभी राहून सगळ्यांची चेष्टा करते. खरं सांगू? तवापासनं मी बाहेर पाऊल टाकलेलं न्हाय. भाजी आक्काच आणतीया. भाचीच्या घरच्या बारशाला बोलावलंतं, तर गुडघा दुखतोय म्हटलं. गुडघा ठणठणीत हाय. मी गेले आणि मागं त्यानं कुलूप घातलं तर? हे पत्र तुमाला पोचणार न्हाय ते मला ठावं हाय, पण टाकायचं म्हटलं तरी पोष्टाची पेटी बोळाच्या पल्याड हाय.