उन्हात वाळवलेले खडे

उंद्री
सौ. सुभद्रास शालिग्रामचा आशीर्वाद.

मी इकडे खुशाल आहे. गोळी चुकत नाही. तुझा गुडघा कसा आहे?

योगिनी मॅडम शोधत होत्या ते खनिज जुन्या विहिरीत सापडलं. काळ्या गाळात जनावराच्या हाडांना चिकटलेले, काचेसारखे बिनरंगी खडे. फार दुर्मीळ आहेत म्हणे. उजेड लागला की निळे पडतात, म्हणून मॅडमनी ते काळ्या फडक्यात गुंडाळून डबीत घातले आणि सांभाळायला मला दिले.

पण खडे ओले होते. बुरशी येईल, असंच मला वाटत राहिलं. काल मी ते दिवसभर उन्हात पसरले. संध्याकाळी पाहतो तर सगळे निळे!

मी लगेच मॅडमना दाखवले. सोबतचा किसनराव हसला, "काका, कुरडया हायेत काय त्या, उन्हात घालाले?"

मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "निळे झाले म्हणजे खनिज तेच आहे. पण तपासणीला असे चालत नाहीत."

उद्या नवे खडे काढायला पुन्हा विहिरीत उतरायचं आहे. मी उतरतो म्हणालो, तर म्हणाल्या, "किसनराव उतरतील. तुम्ही वर फडकं घेऊन बसा." मला घरी धाडलं नाही, हेच खूप.

सकाळपासून ते फडकं उजेडाकडे धरून पाहतो आहे. एक भोक सापडलं. काळा दोरा मिळाला नाही, पांढऱ्यानंच दोनदा शिवलं. शिवण तुला कळते, म्हणून विचारतो. त्यातून उजेड जाणार नाही ना?

तुझा,
शालिग्राम